ढोलापुढचे तांदूळ

१

ढोल गेला होता आणि ढोलाच्या जागी तांदूळ होते.

तिसऱ्या दालनातल्या काचपेटीचं कुलूप शाबूत, काच शाबूत. आत लाकडी फळीवर पळसाचं पान, पानावर ओल्या हळदीत माखलेल्या तांदळाची मूठभर रास, आणि पानाखाली पांढरा, पातळ कागद. आदल्या संध्याकाळी, म्हणजे बुधवारी साडेपाचला, त्याच फळीवर मोहाझरी पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, कोलामांचा जुना ढोल होता. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण त्या वेळी त्याचा फोटो मीच काढला होता.

मी जीशान. यवतमाळात माझा फोटो स्टुडिओ आहे आणि वीस वर्षं या संग्रहालयाचे सगळे फोटो मीच काढतो. तरी त्या सकाळी माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. सगळे पाहत होते माझ्या बायकोकडे.

उमेरा शाळेत विज्ञान शिकवते. तीन वर्षांपूर्वी बोर्डाचे पेपर तपासताना तिने एका अख्ख्या केंद्रावरची कॉपी पकडली. तेव्हापासून कोणाची कोंबडी हरवली तरी लोक तिला फोन करतात. मला लोक ‘उमेरा मॅडमचे मिस्टर’ म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही असं मी चारचौघांत सांगतो, आणि ते साफ खोटं आहे.

संग्रहालय जुन्या जिनिंगच्या गोदामात आहे. एका गोऱ्या जंगल साहेबाने गोळा केलेल्या वस्तूंपासून ते सुरू झालं. साहेब गेला, पण पाट्यांची भाषा त्याचीच राहिली. ‘हे लोक असे करतात, हे लोक तसे करतात.’ त्या लोकांना कोणी कधी काही विचारलं नाही. गेल्या दोन वर्षांत मात्र वारं फिरलं होतं. ज्यांच्या वस्तू त्यांनीच पाट्या सांगायच्या, किल्लीही त्यांच्याकडे ठेवायची, असं ठरलं. मोहाझरीच्या मैनाबाई टेकाम सह-संग्रहपाल झाल्या. आज, गुरुवारी, चार वाजता करारावर सह्या व्हायच्या होत्या. ढोल वर्षातले आठ महिने पोडावर आणि चार महिने इथे राहणार होता.

“किल्ली देऊन आठ दिवस नाही झाले, अन् पूजा करून ढोल घेऊन गेले!” संस्थेचे अध्यक्ष धनसिंगभाऊ राठोड गरजले. “चार वाजेपर्यंत ढोल आला नाही तं करार फाडतो. अन् पोलिसात मोहाझरीचं नाव देतो, सांगून ठेवतो.”

मैनाबाई काचेपाशी उभ्या होत्या. त्यांनी तांदळाकडे नीट पाहिलं आणि त्या चमकल्या.

“पण हे तं आमचं—”

उमेराने पटकन त्यांचा हात दाबला. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

२

मागच्या व्हरांड्यात, कोणी नाही असं पाहून, उमेरा म्हणाली, “आता सांगा.”

“आमच्या पोडावर ढोलापुढे तांदूळ नाई ठेवत, मॅडम. जवारी ठेवतो. अख्खी, नव्या पिकाची. हळद तं कधीच नाई. हे ज्यानं मांडलं ते आमचं माणूस नोहे.”

“हे आज चार वाजेपर्यंत कोणालाच बोलू नका. तुमच्या भावालाही सांगा, गप्प राहा म्हणून.”

“काहून?”

“सांगते मग.”

मैनाबाईंनी पदर सारखा केला. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, फार न बोलणाऱ्या बाई. “मॅडम, ढोल गेला तं मी रडीन. पण पोडाचं नाव चोरीत गेलं तं मी कोणत्या तोंडानं परत जाऊ? सारे मले म्हणत होते, या लोकायच्या नादी नोको लागू. मीच म्हटलं, नाई, आता ते आपलं ऐकतात.”

ढोल इथे आला कसा, तेही त्यांनी सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी इथले संग्रहपाल रामराव साहेब जीप घेऊन पोडावर गेले. प्रदर्शनासाठी चार दिवस ढोल द्या, म्हणाले. मैनाबाईंच्या वडिलांनी दिला. जीपपर्यंत डोक्यावर वाहून आणला तो थोरल्या भावाने, बळीरामने. चार दिवस अजून संपले नव्हते.

त्या गेल्यावर मी उमेराला म्हटलं, “चावी तिघांकडेच. रामराव, कचेरीतली अर्पिता, मैनाबाई. त्यात रात्री भाऊ-बहीण इथेच पाहुण्यांच्या खोलीत होते, मैनाबाईंची पिशवी खुंटीला, म्हणजे बळीरामही आले. चार संशयित. मी मुलाखती घेतो.”

“घ्या की. पण चोर शोधू नका. हा ढोल विकायला कोणी नेला नाही. विकणारा पान-तांदूळ मांडत बसत नाही. कोण कोणावर जळतं त्याची यादी करा.”

मी वहीत रामराव, अर्पिता, बळीराम अशी तीन नावं लिहिली.

“चौथं राहिलं,” ती म्हणाली.

“कोणतं?”

“तुमचं. नव्या पुस्तिकेत ढोलाचा मोठा फोटो मैनाबाईंच्या पुतणीने मोबाइलवर काढलेला आहे, आणि तुमचा टपाल तिकिटाएवढा. पंधरा दिवस घरात धुसफुस चालू आहे. मी बहिरी नाही.”

मी पेनचं टोपण लावलं आणि तेवढ्यात पहारेकरी संघदीप धावत आला.

“मॅडम, एक सांगायचं राह्यलं. पहाटं साडेपाचले बळीरामभाऊ भली मोठी गोणी खांद्यावर घेऊन बाहेर गेलते. अन् आले तेव्हा हात मोकळे होते.”

३

बळीराम पंचावन्नचे असतील. अंगणातल्या लिंबाखाली ते उकिडवे बसले होते. गोणीचं नाव काढताच त्यांनी मान फिरवली.

“मी ढोल नाई नेला.”

“मग गोणीत काय होतं?” मी पोलिसी आवाजात विचारलं. मला तो आवाज येत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

उमेरा त्यांच्याजवळ खाली बसली. “दादा, मी तुमच्या बहिणीसाठी विचारते.”

बराच वेळ ते काडीने मातीत रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, “ढोलच होता.”

मी घाईने वही उघडली.

“हा नाई. माह्यावाला. हा गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी नवा कोरून बनवला. शिवणीचं लाकूड, चामडं मीच मढवलं. तीस वर्षं पोडावर तोच वाजून राह्यला. लगनं झाली, सण झाले, सारं त्याच्यावर. पण वाजून झाला का म्हातारे म्हणतात, चांगला हाय, पण त्याची गोष्ट अलग होती.” ते कडवट हसले. “तीस वर्षं मी एका लाकडावर जळून राह्यलो, मॅडम. हसा.”

कोणी हसलं नाही.

“मी माहा ढोल संगं आणला होता, दोघाले बाजूबाजूले ठेवून पाहा, असं लोकायले सांगासाठी. राती झोप नाई आली. वाटलं, लोक पाहतीन अन् पुन्हा तेच म्हणतीन. म्हणून पहाटं नेऊन एसटी स्टँडजवळच्या चहावाल्याकडे ठेवला. जाऊन पाहून या.”

मी स्कूटर काढली. चहाच्या टपरीत, दुधाच्या कॅनमागे, गोणीत खरंच ढोल होता. लाकूड तुकतुकीत, चामडं ताणून मढवलेलं. मी बोटाने टिचकी मारली आणि टपरीवरचे चार जण वळून पाहायला लागले.

मी परत आलो तेव्हा बळीराम उमेराला सांगत होते, “पोडावर कोणी वस्तू उसनी नेली अन् आणलीच नाई, तं पोट्टेबी म्हणतात, गेले रामरावचे चार दिवस. तुमच्या साहेबाले माहीत नसन.”

“आणि कराराने तुमच्या बहिणीचं नाव झालं, तुमचं नाही. त्याचं?”

“त्याचंबी थोडं जळतेच,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. “ढोल मी वाह्यला. बोल मी खाल्ले. पेपरात फोटो तिचा. पण ते माह्यी बहीण हाय. तिच्यावर मी किती जळीन?”

मी वहीत बळीरामच्या नावापुढे फुली मारली. उमेराने वही माझ्या हातातून घेऊन फुली खोडली. “अजून पेपर व्हायचा आहे,” ती म्हणाली.

४

अर्पिता पुसदची. बडोद्याला जाऊन वस्तुसंग्रहालयाचं शास्त्र शिकून आलेली, तिशीच्या आतली, हुशार आणि कायम घाईत. हा सगळा बदल तिनेच सुरू केला. पहिल्याच प्रश्नाला ती खोटं बोलली.

“मी काल सहाला घरी गेले.”

माझ्या चेहऱ्यावर आनंद दिसला असावा, कारण उमेराने माझ्याकडे डोळे वटारले. मोबाइलचा फोटो मोठा छापायचं अर्पितानेच ठरवलं होतं. ती चोर निघाली असती तर मला त्या दिवशी बिर्याणी गोड लागली असती.

“दाराशी मोठा फलक आहे,” उमेरा शांतपणे म्हणाली. “काल दुपारी जीशानने त्याचा फोटो काढला तेव्हा खाली एक ओळ कमी होती. आज आहे. ‘संकल्पना: अर्पिता’. स्टिकरची कड अजून उचललेली आहे.”

अर्पिताचे कान लाल झाले.

“रात्री साडेसातला परत आले होते, ते चिकटवायला. दहा मिनिटं.” मग तिचा बांध फुटला. “मॅडम, दोन वर्षं मी उन्हातान्हात पोडावर फिरले. ट्रस्टींशी भांडले. आणि पेपरात मथळा काय, ‘मैनाबाईंचं संग्रहालय’! तेच तर मला हवं होतं. तसंच व्हायला हवं होतं. आणि ते वाचून मी रात्रभर जळले. मग लाज वाटली. आणि मग लाजेसकट जाऊन स्टिकर लावून आले.”

“तेव्हा ढोल होता?”

“होता. आणि काकांच्या खोलीत दिवा होता.”

काका म्हणजे रामराव. उमेराने विचारलं, “जुन्या पाट्या कधी दुरुस्त झाल्या?”

“गेल्या फेब्रुवारीत. पोडावरची माणसं दोन दिवस इथे होती. जीशानभाई फोटो काढायला होते. रामरावकाका तेवढे नव्हते, बोरी अरबला पुतणीच्या लग्नाला गेले होते. पण नंतर त्याच दुरुस्त पाट्यांच्या पुस्तिकेचं प्रूफ त्यांनीच तपासलं. प्रत्येक पानावर त्यांची सही आहे. एकही दुरुस्ती सुचवली नाही. मला तर बरंच वाटलं, म्हटलं काकांनी मनावर घेतलं नाही.”

“आणि पानाखालचा तो पांढरा कागद?”

“तो आपल्याच कोठारातला आहे. वस्तूला डाग लागू नये म्हणून आम्ही खाली घालतो.” बोलता बोलता ती थांबली. “मॅडम, ढोल चोरून नेणाऱ्याला फळीवर हळदीचा डाग पडेल याची काळजी कशाला?”

उमेरा उठली. साडेअकरा झाले होते.

५

रामरावांच्या खोलीकडे जाणारा मागचा बोळ अरुंद आहे. त्यात धुरीची खोली लागते. लोखंडी कपाटासारखी, दार बंद करून वर चिकटपट्टी मारायची अशी. कापडांना, कागदांना बुरशी लागली की आत थायमॉल नावाचं औषध ठेवतात. त्याला ओव्याचा उग्र वास येतो. मला तर तिथून जाताना दर वेळी ओव्याच्या पानांची भजी आठवतात. त्या दिवशी आठवली नाहीत. काळजीने भूकच मेली असेल, असं मला वाटलं.

दारावर रामरावांच्या सुरेख अक्षरात चिठ्ठी होती. ‘धुरी चालू. बंजारा घागरा. सोमवारपासून सात दिवस उघडू नये.’ सकाळी साऱ्या कोठाराचा, माळ्याचा, कचऱ्याच्या डब्यांचासुद्धा शोध झाला होता. ही खोली अर्थातच सोडली होती. सोमवारी बंद झालेल्या खोलीत बुधवारी असलेला ढोल जाणार कसा?

उमेरा तिथे क्षणभर थांबली, नाक ओढलं आणि पुढे गेली. तिला सर्दी झाली असावी असं मी धरून चाललो.

रामराव खुर्चीत ताठ बसले होते. साठी जवळ आलेली, खादीचा शर्ट, खिशाला तीन पेनं. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते.

“मला वाईट वाटतं, मॅडम, पण आश्चर्य वाटत नाही,” ते म्हणाले. “मी आधीच सांगितलं होतं, किल्ली देऊ नका. भोळी माणसं आहेत. ढोल दिसला, रीतीप्रमाणे पूजा केली आणि घेऊन गेली. त्यांच्या दृष्टीने ती चोरीच नाही. त्यांना शिक्षा नको. करार मात्र आता शक्य नाही.”

“ढोल तुम्हीच आणला होता ना?”

“मीच. आणि मीच जगवला.” त्यांचा आवाज चढला. “छत गळायचं तेव्हा या ढोलावर मी माझी छत्री धरून बसलोय. वाळवी, झुरळं, उंदीर, एकतीस वर्षं! चामड्याला कधी औषधाची वाफ लागू दिली नाही, चरे पडतात. हे कोणाला माहीत आहे? नव्या फलकावर माझं नाव शोधून दाखवा. कालची बाई आली आणि संग्रहपाल झाली!”

मला त्यांची दया आली. खरं सांगायचं तर पुरेपूर पटलंच. टपाल तिकिटाएवढा फोटो छापला गेलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

“नवी पुस्तिका वाचलीत?” उमेराने विचारलं.

“अक्षरन् अक्षर. प्रूफ मीच तपासलं, साऱ्या कचेरीला ठाऊक आहे.”

टेबलावर त्यांची प्रत होती. माझा छोटा का होईना फोटो तिच्यात आहे, म्हणून माझं लक्ष गेलंच. छापखान्याचं प्लास्टिकचं वेष्टण अजून तिच्यावर तसंच होतं.

उमेराने पर्समधून कोऱ्या कागदाचे चार तुकडे काढले. “एकच प्रश्न आहे, रामरावजी. सगळ्यांना तोच. ढोलाला काय वाहतात, ते लिहून द्या. कोणाला दाखवू नका.”

“परीक्षा घेताय?” ते हसले आणि त्यांनी ऐटीत लिहिलं.

६

बाकीच्यांचे कागद गोळा झाले. बळीरामने संघदीपकडून लिहून घेतला. उमेराने चारही घड्या पर्समध्ये टाकल्या आणि माझ्याकडे वळली.

“कालचे सगळे फोटो दाखवा.”

मी कॅमेरा दिला. ती एकेक पुढे करत गेली. ढोल, टोपल्या, बासऱ्या, दुसरं दालन. एका फोटोवर ती थांबली.

“हा कधीचा?”

“काल दुपारी तीनचा. का?”

तिने फोटो मोठा केला. भिंतीवर आरशांचा बंजारा घागरा लखलखत होता.

मी तो फोटो पाहिला. वीस वर्षं मी या इमारतीत फोटो काढतोय, तो फोटो मीच काढला होता, आणि त्यात जे होतं ते मला दिसलं नव्हतं. तिला दोन मिनिटांत दिसलं. घागरा सोमवारपासून धुरीत असेल, तर बुधवारी भिंतीवर काय टांगलं होतं?

“चला,” ती म्हणाली. “सगळ्यांना बोळात बोलवा. धनसिंगभाऊंनाही.”

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

७

बोळात आम्ही सात जण दाटीवाटीने उभे होतो. उमेराने वर्गात बोलते तसं सुरू केलं.

“पेपर तपासताना एक गोष्ट मी शिकले. दोन मुलांचं बरोबर उत्तर सारखं आलं, तर त्यातून काहीच कळत नाही. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. चूक सारखी आली, की समजायचं.”

तिने घड्या उघडल्या. “मैनाबाई, ज्वारी. बळीरामदादा, ज्वारी. अर्पिता, ज्वारी. रामराव.” ती थांबली. “‘तांदूळ व हळद. पाहा: माझी पाटी.’”

“मग?” रामराव म्हणाले. “तेच बरोबर आहे. पेटीत तेच होतं, सर्वांनी पाहिलं!”

“पेटीत तुमच्या जुन्या पाटीतली चूक होती,” उमेरा म्हणाली. “मोहाझरीची रीत नव्हती. ती चूक फेब्रुवारीत दुरुस्त झाली. ज्यांनी ऐकलं त्यांनी ती पुन्हा केली नसती.”

रामरावांनी मैनाबाईंकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, “साहेब, तुम्ही आलते तेव्हा तांदूळ तुम्हीच आणले होते. बाबाले भेट म्हणून. तुमच्याच हातानं हळद लावली, म्हणाले शुभ असते. पाहुण्याचा मान म्हणून बाबानं ते ढोलापुढे ठेवले. मी धा वर्षांची होती. अन् तुम्ही वहीत लिहून घेतलं.”

मग रामराव सावरले.

“मग कोणीतरी माझीच चूक वापरून मला अडकवतंय! जुनी पाटी कोणीही वाचली असेल!”

“नाही,” उमेरा म्हणाली. “तुम्हाला अडकवायचं तर तुम्हाला खरी रीत माहीत नाही, हे ठाऊक पाहिजे. तुम्ही तर साऱ्या कचेरीला सांगितलंत, अक्षरन् अक्षर वाचलं म्हणून. न वाचताच प्रत्येक पानावर सही केलीत, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. तुमच्या टेबलावरच्या प्रतीचं प्लास्टिकही निघालेलं नाही. ‘कालच्या बाई’ने सांगितलेलं वाचणं तुम्हाला जमलं नाही, रामरावजी. आणि दुसऱ्यांच्या नावाने पूजा मांडली, तरी फळीला हळद लागू नये म्हणून खाली कागद घातलात. एकतीस वर्षांची सवय.”

“आणि ढोल? ढोल कुठंय?” धनसिंगभाऊ ओरडले.

उमेराने माझा कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. “काल तीन वाजता घागरा भिंतीवर होता. ही चिठ्ठी म्हणते सोमवारपासून आत आहे. आणि धुरी चालू असताना या बोळात ओव्याचा वास येतो. माझ्या नवऱ्याला भजी आठवतात. आज आठवली?”

“नाही,” मी कबूल केलं.

“कारण आत औषधच नाही. औषधाच्या वाफेने चामड्याला चरे पडतात, आणि चोराला ते सहन होणार नव्हतं.”

रामरावांनी स्वतःच पुढे होऊन चिकटपट्टी काढली. आत, घडी केलेल्या घागऱ्यावर, मऊ कागदात लपेटलेला ढोल होता. तान्ह्या बाळासारखा नीट गुंडाळलेला.

“सोमवारी मीच शोधून काढणार होतो,” ते पुटपुटले. “तोवर करार रद्द झाला असता. पोलिसात मी जाऊ दिलं नसतं. मला फक्त... एकतीस वर्षांत माझं नाव कुठेच नाही.”

८

“आता पोलिसात तुमचंच नाव देतो!” धनसिंगभाऊंनी मोबाइल काढला.

“थांबा,” मैनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण मोबाइल खाली आला. “ढोल आमचा, तं चोरीबी आमची. द्यायचं का नाई ते आम्ही सांगू.”

त्यांनी भावाकडे पाहिलं. बळीराम ढोलापाशी गुडघ्यावर बसले होते. चामड्यावरून त्यांचा तळहात फिरत होता. ते म्हणाले, “चामडं मरू नाई दिलं यानं. एवढं खरं हाय.”

मग मैनाबाई रामरावांकडे वळल्या. “नाव कुठेच नाई म्हणता, साहेब? आमच्या पोडावर लेकराले बी तुमचं नाव माहीत हाय. कोणी वस्तू नेली अन् परत आणली नाई, तं आम्ही म्हणतो, गेले रामरावचे चार दिवस.”

मी रामरावांचा चेहरा पाहिला आणि कॅमेरा खाली केला. वीस वर्षांत पहिल्यांदाच समोर फोटो असून मी काढला नाही.

“तुमचं अक्षर चांगलं हाय,” मैनाबाई म्हणाल्या. “बसा. मी सांगतो तशी पाटी लिहा. आज वाचल्याबिगर सही नोका करू.”

टेबलाशी बसून रामरावांनी टोपण काढलं. मैनाबाई सावकाश सांगत गेल्या.

“हा ढोल मोहाझरी पोडाचा. रामराव साहेबांनी चार दिवसांसाठी नेला. एकतीस वर्षं जपला.”

रामरावांनी मान वर केली. “‘जपला’ लिहू?”

“जपला तं होता. लिहा. मागितला तेव्हा दिला नाही.”

पेन थांबलं. मग त्यांनी तेही लिहिलं, तितक्याच वळणदार अक्षरात, आणि शेवटचं वाक्य मैनाबाईंनी सांगायच्या आधी विचारलं, “पुढे?”

“आता घरी आहे.”

चार वाजता सह्या झाल्या. ढोलापुढे बळीरामच्या शेतातली ज्वारी ठेवली, उघड्या फळीवर, खाली कागद न घालता. डाग पडत नाही ज्वारीचा. रिकाम्या पेटीत काय ठेवायचं हा प्रश्न आला तेव्हा मी स्कूटर काढून चहाच्या टपरीवर गेलो आणि गोणी घेऊन आलो. हे माझं मला सुचलं होतं, उमेराला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. जुना ढोल पोडावर असेल ते आठ महिने आता तिथे दुसरा ढोल असतो. त्याच्या पाटीवर बळीराम टेकाम यांचं नाव आहे. वर त्याचा मोठा फोटो आहे. तो मात्र पुतणीनेच काढलेला आहे, आणि चांगला आहे, काय करणार.

संध्याकाळी पाच वाजता जीप निघायची होती. रामरावांनी हातातली पाटी पेटीशेजारच्या खिळ्यावर अडकवली आणि ते दाराकडे वळले.

“साहेब,” मैनाबाईंनी हाक मारली, “तुम्हीबी चला. मांडीवर घेऊन बसा, रस्ता खराब हाय. पोडावर जाऊन तुमच्या हातानं द्या.”

“मी?” ते म्हणाले. “ते लोक मला... किती दिवस राहायचं?”

“चार दिवस,” बळीराम म्हणाले.

सगळे हसले. रामराव हसले नाहीत. ते परत पेटीपाशी आले. घाईत अडकवलेली पाटी जराशी तिरपी झाली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी सरळ केली, एक पाऊल मागे जाऊन स्वतःचं नाव एकदा वाचलं, आणि ढोल उचलायला गेले.